फॅट लागली नाही तो उन्हाळा

मार्च संपत आला की मला राग यायला लागतो. इतरांना या दिवसांत कैरी आठवते, मोगरा आठवतो, मामाच्या गावची सुट्टी आठवते. मला दूध आठवतं. पत्र्याच्या शेडमध्ये आंबलेलं, फरशीवर सांडून वाळलेलं, माशा बसलेलं दूध. पुण्यात आमच्या दाराच्या कडीला रोज सकाळी निळी पिशवी टांगलेली असते. पावसाळ्यात, हिवाळ्यात मी ती मुकाट्याने कापते आणि चहा ठेवते. पण दुपारी खिडकीची काच हाताला चटका द्यायला लागली, रस्त्यावर वाळकी पानं घरंगळायला लागली, की ती थंडगार, ओली पिशवी हातात घेतली तरी डोकं तापतं. नवरा विचारतो, दुधानं तुझं काय वाईट केलंय? त्याला एका वाक्यात काय सांगणार.

माझं काम पाणी बनवण्याचं आहे. साहसपटांसाठी आम्ही कॉम्प्युटरवर पूर, धबधबे, फुटलेली धरणं, उसळणारे समुद्र तयार करतो. नायक दोरीच्या पुलावरून पळतो तेव्हा खाली हिरवा पडदा पसरलेला असतो. त्याच्या जागी नदी येते ती आमच्या टेबलावरून. पाण्याचा एक थेंब दगडावर आपटून कसा फुटतो, फेस किती वेळ टिकतो, उन्हात लाट कुठं काळी दिसते आणि कुठं पांढरी, हे मी दिवसभर बघत असते. ऑफिसात मला हे काम चांगलं जमतं असं म्हणतात. बीड जिल्ह्यातली मुलगी पाण्यात एवढी तरबेज कशी, असा एक विनोदही होतो. मी हसत नाही. विनोद करणाऱ्याला वाटतं, मला कळला नाही.

आमचं गाव लिंबागणेशच्या पुढं, बालाघाटाच्या माळावर. जमीन मुरमाड, दोन एकर, तीही उताराची. आजोबांच्या काळात आमच्या गल्लीनं बौद्ध धम्म स्वीकारला. गल्लीतली शिकलेली माणसं नोकरीला बाहेर पडली. माझे बाबा अंबाजोगाईला दवाखान्यात वॉर्डबॉय होते आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचे. गावात मी, आई आणि एक संकरित गाय. गाय तांबड्या रंगाची होती म्हणून तिचं नाव तांबडी. ती एका सरकारी योजनेतून आली होती आणि आईनं तिला लेकीसारखं म्हणतात तसं नव्हे, तर एखाद्या कामाच्या माणसासारखं सांभाळलं होतं. तिच्याशी ती फार बोलत नसे. वेळेवर चारा, वेळेवर पाणी, वेळेवर धार.

गावात आमच्या गल्लीतलं दूध कुणी थेट घेत नसे. तोंडावर कुणी वाकडं बोलायचं नाही. "आमच्याकडं लागत न्हाई," एवढंच म्हणायचे, आणि तासाभरानं दुसऱ्या कुणाच्या दारातून तांब्या भरून न्यायचे. मग गावात सहकारी दूध सोसायटी निघाली. चौकात पत्र्याचं शेड, आत वजनकाटा, फॅटचं मशीन आणि ओळीनं मांडलेले ॲल्युमिनियमचे मोठे कॅन. आई पहिल्या दिवसापासून तिथं दूध घालायला लागली. धार काढून झाली की ती केस नीट विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून किटली घेऊन निघायची. किटली रिकामी झाल्यावरही थोडी रेंगाळायची. कशाला थांबतेस, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, कॅनमधी पडतानी बघायचं असतं. तिचं दूध पाटलांच्या दुधात, देशमुखांच्या दुधात, वरच्या आळीतल्या सगळ्यांच्या दुधात पडायचं आणि एकजीव व्हायचं. तिथून ते बीडला, तिथून मोठ्या डेअरीत, आणि मग पिशवीत. त्या पिशवीतलं कुणाचं दूध कुठलं हे जगातल्या कुणाला सांगता आलं नसतं. आईला या गोष्टीचा केवढा आनंद होता हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा फक्त शाळेला उशीर होतोय म्हणून मी तिच्यावर चिडायचे.

मी आठवीत होते त्या वर्षी पाऊस आलाच नाही. दिवाळीलाच विहिरीचा तळ दिसला. संक्रांतीनंतर टँकर सुरू झाले आणि फेब्रुवारीत गावाबाहेरच्या माळावर जनावरांची छावणी उघडली. छावणी चालवायची दूध सोसायटीनं, म्हणजे सोसायटीच्या चेअरमननं. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारायचं नाही, चेअरमन म्हटलं की झालं. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि धुळीच्या त्या दिवसांतसुद्धा दोन्ही पांढरीच. छावणीत बांबूवर हिरवं कापड ताणलेलं, खाली ओळीनं दावणी, आणि प्रत्येक जनावराच्या कानात, आमच्या तांबडीच्याही, एक पिवळा बिल्ला. चारा म्हणून ऊस. रोज सकाळी ट्रॅक्टर भरून ऊस यायचा आणि बायका कोयत्यानं त्याच्या चकत्या करत बसायच्या. कडबा नाही, हिरवं नाही, पेंड नावाला. ऊस चघळून चघळून जनावरांची तोंडं आतून सोलली. त्यांच्या जिभेवर हात ठेवला तर ती मान झटकायची. आणि ज्याला दुधातलं थोडंही कळतं त्याला हे माहीत आहे की नुसत्या उसावर गाय दूध देते, पण त्यातली फॅट उतरते.

तशी ती उतरली. साऱ्या गावाची उतरली असणार, कारण साऱ्या गावाची जनावरं तोच ऊस खात होती. पण सोसायटीचा सचिव रंगनाथ वरच्या आळीचं दूध आलं की बाटली मशीनला लावल्यासारखी करायचा आणि आकडा सांगून मोकळा व्हायचा. आमच्या गल्लीची किटली पुढं आली की मशीन खरोखर चालू व्हायचं. गाईच्या दुधाला साडेतीन फॅट लागायला हवी. आईच्या दुधाची यायची तीन पूर्णांक तीन, कधी तीन पूर्णांक चार.

"सुमन, फॅट लागत न्हाई. पानी घालतीस का?" रंगनाथ म्हणायचा. तो आईपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान होता. वरच्या आळीतल्या बायकांना तो काकू, वहिनी म्हणायचा.

आई सांगायची की प्यायला पाणी नाही, दुधात घालायला कुठून आणू? तो किटली परत सरकवायचा. मागं रांगेतल्या बायका किटलीकडं बघायच्या, आईकडं बघायच्या नाहीत.

परत आलेलं ते दूध आई घरी आणून तापवायची. आणि मला हे सांगायला आजही जड जातं, पण त्या उन्हाळ्यात मी आयुष्यात पहिल्यांदा पोटभर दूध प्यायले. एरवी तांबडीचं सगळं दूध सोसायटीत जायचं आणि घरात चहापुरतं उरायचं. आता भगुणंभर दूध चुलीवर, वर जाड साय. मी पेला भरून घ्यायचे आणि आई पाठमोरी बसून राहायची. मला दुधाची चव आवडायची आणि ते आवडतंय याची लाज वाटायची. उरलेलं ती गल्लीत लेकरांना वाटून टाकायची. महिनाभर रोज ती किटली घेऊन गेली आणि महिनाभर रोज किटली परत आणली. ती जायची थांबली नाही. लुगडं धुतलेलंच असायचं.

मग एप्रिलात छावणी बघायला जिल्ह्याहून एक साहेब येणार असल्याचं कळलं. सकाळपासून धावपळ. दावणी झाडल्या, पाण्याच्या हौदाला चुना लावला. बायका-लेकरांनी दुपारी सोसायटीच्या शेडमध्ये जमायचं, असा निरोप फिरला. साहेबांना यायला उशीर होता. लोक उठून जाऊ नयेत म्हणून चेअरमननी स्वतःच्या घरचा टीव्ही आणून टेबलावर ठेवला आणि त्यावर एक सिनेमा लावला. हिंदीत डब केलेला कुठलासा परदेशी साहसपट. खजिना शोधायला निघालेली माणसं, जंगल, गुहा, विमानातून उड्या. शेडचा पत्रा तापून तडतडत होता. माझ्या शेजारी आमच्या गल्लीतली गयामावशी, तिच्या मांडीवर नातू. आम्ही अर्धवट बघत होतो. आणि मग त्या सिनेमात धरण फुटलं.

मी तो क्षण विसरू शकत नाही. डोंगराएवढी पाण्याची भिंत उभी राहिली, झाडं मोडत, दगड उचलत, दरी भरत आली. तिच्यापुढं नायक पळत होता, पण त्याच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळं शेड पाण्याकडं बघत होतं. कालपासून टँकर आला नव्हता. गयामावशीनं ओठांवरून जीभ फिरवली, तेही मी पाहिलं. मागून कुणीतरी सांगितलं की हे पाणी खरं नाही, कॉम्प्युटरनं केलंय. ती शांतपणे म्हणाली, "मंग चेअरमनला म्हनावं, छावनीत एक कॉम्प्युटर बसवा." लोक हसले. मीही हसले. पण आत काहीतरी भडकलं होतं. कुणीतरी, कुठंतरी, थंड खोलीत बसून इतकं पाणी बनवतं आणि ते एका माणसाला पळवण्यासाठी खर्चून टाकतं. मला त्या माणसाचा राग आला, आणि त्याच्या खोलीत जाऊन बसायची इच्छाही झाली. दोन्ही एकदमच.

साहेब आले. टीव्ही बंद झाला. चेअरमननी भाषण केलं की दुष्काळातही आपल्या सोसायटीनं एकही लेकरू दुधावाचून ठेवलं नाही. मग खोकी उघडली. आत दुधाच्या पिशव्या होत्या, बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या, निळ्या, त्यांवर हसऱ्या गाईचं चित्र. लेकरांना ओळीनं उभं केलं. साहेबांनी एकेकाच्या हातात पिशवी द्यायची आणि फोटोवाल्यानं फोटो काढायचा. माझा नंबर आला. साहेबांनी नाव विचारलं, माझ्या हातात पिशवी ठेवली आणि कॅमेऱ्याकडं बघितलं.

आई रांगेबाहेर उभी होती. ती पुढं आली, तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि टेबलापाशी गेली. मशीन तिथंच होतं, टीव्हीच्या शेजारी. सकाळी परत आलेली किटलीही तिनं सोबत आणली होती, हे मला तेव्हाच दिसलं. ती मुद्दाम आणली होती की ठेवायला घरी जाता आलं नव्हतं, हे मी तिला कधी विचारलं नाही.

"हे लावा," आई रंगनाथला म्हणाली.

रंगनाथ हसला. ती हलली नाही. मी मागून तिचा पदर ओढत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, सगळी शाळा तिथं होती, माझे मास्तर होते. तिनं पदर सोडवून घेतला. चेअरमन म्हणाले की बाई, नंतर बघू, साहेबांना वेळ नाही. पण साहेबांना गंमत वाटली असावी. काय म्हणते ती, बघा की, असं ते म्हणाले. मग रंगनाथला इलाज राहिला नाही. त्यानं पिशवीचा कोपरा कापला, बाटली भरली, नळी बुडवली. मशीन घरघरलं. लाल आकडे उमटले. तीन पूर्णांक शून्य.

आईनं किटली पुढं केली. पुन्हा नळी, पुन्हा घरघर. तीन पूर्णांक तीन.

रंगनाथ साहेबांकडं बघत म्हणाला, की पिशवीतलं दूध टोन्ड असतं, त्याची फॅट डेअरीतच कमी केलेली असते, तो नियम आहे.

आई म्हणाली, "आमचं कमी निघालं तर पानी, आन् तुमचं कमी निघालं तर टोन?"

मी साहेबांकडं बघत होते. मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. एवढा मोठा माणूस, आकडे त्याच्या डोळ्यांसमोर. तो चेअरमनना विचारेल, रंगनाथला झापेल, निदान ती किटली कॅनमध्ये ओतायला सांगेल. साहेब आईकडं बघून हसले आणि म्हणाले, "बाई हुशार आहेत." मग ते जेवायला चेअरमनच्या घरी गेले.

या एका वाक्याचा मला जेवढा राग आहे तेवढा रंगनाथचाही नाही. रंगनाथनं निदान तिला शत्रू मानलं. साहेबांनी तिच्या बोलण्याचं कौतुक केलं आणि तिथंच ते संपवून टाकलं.

पुढं काय झालं ते लगेच झालं. आठवड्याच्या आत तांबडीच्या कानातला बिल्ला काढून घेतला. कारण असं, की या घरात पगारदार माणूस आहे आणि छावणी गरिबांसाठी आहे. त्याच दिवशी चेअरमनच्या सख्ख्या भावाची अकरा जनावरं सावलीतल्या दावणीला उभी होती. बाबा सुट्टीला आले तेव्हा त्यांना सगळं कळलं. ते आईवर ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले की आपल्याला याच गावात राहायचंय. आई म्हणाली, "गाय जगवायची हाय. गाव मागून बघू."

उमापूरला माझ्या मामाच्या शेतात बोअरला अजून धार होती. मामा टेम्पो घेऊन आला. तांबडीला फळीवरून चढवताना तिचे पाय घसरत होते, एवढी ती हलकी झाली होती. आई तिच्याजवळ मागं उभी राहिली, एका हातानं दोरी, एका हातानं टेम्पोचा दांडा धरून. मला बाबांनी अंबाजोगाईला नेलं आणि तिथल्या शाळेत घातलं. घराला कुलूप लागलं. दुधाच्या एका प्रश्नानं आमच्या घराचे दोन तुकडे केले आणि ते जवळजवळ दोन वर्षं तसेच राहिले. अंबाजोगाईला आम्ही पिशवीचं दूध घ्यायचो. दुसरं मिळायचंच नाही. पहिल्या दिवशी मी पिशवी कापली आणि पातेल्यात ओतता ओतता रडले, आणि बाबा न बघितल्यासारखं करून कपडे वाळत घालायला गेले.

तांबडी जगली. मामाकडं ती व्याली, कालवड झाली. पाऊस पडल्यावर, आणखी एक वर्ष गेल्यावर आई गावी परतली, पण सोसायटीच्या शेडकडं ती पुन्हा गेली नाही. आजही ती सकाळच्या जीपनं बीडला दूध पाठवते, चहाच्या दोन हॉटेलांना. हॉटेलवाले फॅट बघत नाहीत, चहा दाट होतो का ते बघतात. सोसायटी पुढं मोडली. त्याच जागेवर आता चेअरमनचं स्वतःचं शीतकरण केंद्र आहे, स्टीलच्या टाक्या, काचेचं दार. सहकारी गेलं, चेअरमन राहिले. रंगनाथ तिथं नोकरीला आहे. तो आता आईला मावशी म्हणतो. आईला याचं काही वाटत नाही. मला वाटतं. सोपं झालं त्याला, असं मी म्हणाले तर आई म्हणाली, त्याची लेक तुझ्यासारखी शिकायला गेलीय, म्हनून म्हनतोय.

मी अंबाजोगाईत बारावी झाले, पुण्याला आले, कोर्स केला आणि खरोखरच त्या थंड खोलीत येऊन बसले. इथं पाणी कसं होतं हे शिकले. लाखो कण असतात. प्रत्येक कणाला सांगायचं असतं की शेजारच्याला किती धरून राहायचं आणि किती सोडायचं. पहिल्यांदा मी बनवलेली लाट पडद्यावर उठली तेव्हा मला गयामावशीची जीभ आठवली. मावशी तोवर वारली होती.

यंदा, याच महिन्यात, आमच्याकडं एका साहसपटाचं काम आलं. राजकुमार, गुप्त दरी, हजार वर्षांनी परत येणारी नदी. दरीचं शूटिंग खऱ्या माळावर झालं होतं. मी ते चित्र उघडलं आणि जमिनीचा रंग बघूनच थांबले. तो लालसर राखी मुरूम मला झोपेतही ओळखता येईल. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, लांब, एक टँकर उभा होता. मोठं करून बघितलं तर नंबर वाचता आला. एमएच तेवीस, आमचा जिल्हा. टँकरच्या मागं बायकांची रांग, घागरी, एक निळा ड्रम. बायका मोजल्या, सात होत्या. शूटिंगवाल्यांनी त्यांना हटवलं नव्हतं, हटल्याही नसत्या, टँकर गेल्यावर पाणी कुणी दिलं असतं? सोबत सूचना होती: कोपऱ्यातली गर्दी पुसणे, त्या जागी नदी.

मी माझ्या वरिष्ठाला सांगितलं की मी नदी करते, बायका पुसणार नाही. तो चांगला मुलगा आहे, नाशिकचा. त्यानं विचारलं, काही प्रॉब्लेम आहे का? मी म्हणाले, त्या माझ्या गावाकडच्या आहेत. त्यालाही गंमत वाटली. ओळखतेस का, असं त्यानं विचारलं. मला हो म्हणता आलं नाही आणि नाही म्हणवेना.

संध्याकाळी आईला फोन केला आणि सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. कुठला माळ, टँकर कुठल्या रंगाचा, हे विचारलं. मग म्हणाली, "तू न्हाई म्हनलीस ते बरं केलंस. पर बाई, त्यानं त्या ऱ्हात्यात व्हय तिथं?"

राहिल्या नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या मुलानं ते काम दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत उरकलं. फार सफाईनं केलं. टँकर नाही, घागरी नाही, निळा ड्रम नाही, जमिनीवर सांडलेल्या पाण्याचा ओला डागसुद्धा नाही. आता तिथं माझी नदी आहे. फेस मी केलाय, उन्हातली चमक मी केलीय. परवा ऑफिसात सगळ्यांना तो तुकडा मोठ्या पडद्यावर दाखवला. त्या सातजणी उभ्या होत्या नेमक्या तिथूनच पाणी उसळून येतं, आणि तिथं आलं की लोक टाळ्या वाजवतात.